युक्काचे भावंड घायपात : कातळावर कोठे लावावे, कोठे लावू नये

रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची किंवा काजूची बाग उभी करू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढे कलमांच्या आधी कुंपणाचा प्रश्न उभा राहतो. जांभ्या दगडाचा गडगा घालावयाचा तर दगड, गवंडी आणि मजुरी यांचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जातो. काटेरी तार ओढावी तर समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने ती लवकर गंजते. करवंदी-बोरीच्या फांद्यांची वई स्वस्त खरी, पण ती दरवर्षी नव्याने घालावी लागते आणि वणव्यात सर्वांत आधी तीच पेटते. भात-नाचणीची कापणी उरकली की गुरे मोकळी सोडण्याची चाल अद्याप पुष्कळ गावांत आहे. दोन वर्षे घागरीने पाणी घालून जपलेल्या कलमाचा शेंडा एखाद्या गुराच्या तोंडी एका सकाळी जातो, आणि मग शेतकऱ्याचे मन त्या बागेवरून जे उडते ते पुन्हा बसत नाही.

अशा वेळी जिवंत कुंपणाचा विचार पुढे येतो. पाणी न मागणारे, गुरे तोंड लावणार नाहीत असे, आणि कातळाच्या फटीत तग धरणारे काटक झाड कोणते? हल्ली रोपवाटिकांतून युक्का नावाचे एक झाड कुंड्यांत लावलेले दिसते. त्याची तलवारीसारखी टोकदार, ताठ पाने पाहून ‘हेच बांधावर का लावू नये?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, युक्काचे जे काम कोकणात व्हावेसे वाटते ते काम त्याचेच एक भावंड, म्हणजे घायपात, अधिक चांगले व फुकटात करते. मात्र ते लावण्यापूर्वी या दोन्ही झाडांचे मूळ घर कसे आहे हे समजून घेतले पाहिजे. ते न पाहता लावलेले घायपात एकतर पहिल्या पावसाळ्यात कुजते, नाहीतर नको त्या जागी पसरून बसते.

युक्का हे मूळचे उत्तर व मध्य अमेरिकेतील झाड. त्याच्या चाळीस-पन्नास जाती आहेत. नावाची गंमत अशी की, ते चुकून पडलेले आहे. कॅरिबियन बेटांवरील लोक ज्या कंदाला ‘युका’ म्हणत तो कंद निराळाच. ज्याच्यापासून आपल्याकडे उपवासाचा साबुदाणा तयार होतो तो. जुन्या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या कंदाचे नाव या टोकदार पानांच्या झाडास दिले, आणि पुढे तेच कायम झाले.

युक्काच्या जातींत काटकपणा निरनिराळ्या प्रकारचा आढळतो. संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि विरळ, रेताड माळांवर जी एक बुटकी जात होते, तिच्या पानांच्या कडांवरून सुताचे धागे सुटल्यासारखे पांढरे तंतू लोंबतात. ही जात कडक थंडीत बर्फाखालीही हिरवी राहते. म्हणूनच थंड देशांतील बागवान तिला फार मानतात. दुसऱ्या टोकाला मोहावीच्या वाळवंटातील ‘जोशुआ’ नावाने प्रसिद्ध असलेला मोठा युक्का. तेथे वर्षाकाठी पाऊस इतका थोडा पडतो की, रत्नागिरीस आषाढातील दोन-चार दिवसांत त्याहून अधिक पडावा. वाळूतला असो की वाळवंटातला, प्रत्येक युक्काच्या मुळाशी एक गोष्ट समान असते : पाणी पडते, क्षणभर मुळांस मिळते आणि लगेच निथळून जाते. मुळाशी साचलेले पाणी या झाडांस माहीतच नाही.

युक्काचे आणखी एक वैशिष्ट्य शेतकऱ्यांनी ध्यानी घेण्यासारखे आहे. त्याच्या मायदेशी एक लहानसा पांढुरका पतंग असतो. त्याची मादी एका फुलातील पराग गोळा करून त्याची गोळी करते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते, आणि मग ती परागाची गोळी त्या फुलाच्या केसराग्रावर स्वतः दाबून बसवते. तिच्या अळ्या तयार होणाऱ्या बियांपैकी काही खातात व बाकीच्या झाडास उरतात. मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत हा व्यवहार बारकाईने पाहून जगापुढे मांडला. पतंगावाचून युक्कास सामान्यतः बी धरत नाही आणि युक्कावाचून पतंगाची पुढची पिढी जगत नाही. हा पतंग भारतात नाही. म्हणून आपल्याकडील युक्का सुंदर पांढऱ्या फुलांचा घोस काढतो व बहुधा तसाच गळून मोकळा होतो. नवी रोपे खोडाचे तुकडे किंवा मुळाशी फुटलेले कोंब लावूनच करावी लागतात. शंभर हात लांबीच्या बांधाला पुरतील इतकी रोपे विकत घ्यावयाची तर तो खर्च तारेच्या कुंपणाहून फार वेगळा राहणार नाही. यास्तव युक्का घराच्या अंगणात शोभेसाठी जरूर लावावा, बांधासाठी नव्हे.

आता घायपाताकडे वळू. जुन्या ग्रंथांत युक्का एका कुलात आणि घायपात दुसऱ्या कुलात घातलेले आढळेल, कारण त्या काळी फुलातील बीजकोश वर आहे की खाली यावर वर्गीकरण ठरे. पुढे या दोहोंच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली गेली, तेव्हा पाच मोठ्या आणि पंचवीस लहान गुणसूत्रांची विलक्षण जुळणी दोघांतही सारखीच निघाली. आज दोन्ही शतावरीच्या कुलात, त्यातही एकाच उपकुलात गणली जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातल्या बाया रानातून जी फोडशीची भाजी खुडून आणतात, ती फोडशीही याच उपकुलातील. इतक्या लांबच्या वाळवंटी झाडाचे नातलग आपल्याच स्वयंपाकघरात निघावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

घायपाताच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांचे माहेर मुख्यतः मेक्सिको होय. भारतात ते युरोपीय दर्यावर्दी व व्यापारी यांच्या हातून आले आणि इतके रुळले की, देशावर त्यास केकताड असे आणखी एक नाव मिळाले. इंग्रजांनी त्यास कोरफडीचा भाऊ समजून ‘अ‍ॅलो’ म्हटले. या चुकीमुळे आजही काही जण घायपाताचा गर कोरफडीप्रमाणे अंगास लावू पाहतात. तसे मुळीच करू नये. घायपाताच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व फेस आणणारी द्रव्ये असतात. त्यांनी कातडीस खाज सुटते, फोड येतात, आणि डोळ्यात उडाल्यास मोठी इजा होते.

आपल्याकडे तीन जाती विशेष आढळतात व त्या ओळखणे कठीण नाही. निळसर राखी रंगाची, रुंद, दोन्ही कडांना आकडेबाज काटे असलेली पाने ज्याची, ते मोठे अमेरिकी घायपात. कुंपणास हे सर्वांत भक्कम, परंतु ते जागा फार अडवते. गडद हिरवी, सरळ तलवारीसारखी, कडा जवळजवळ गुळगुळीत आणि टोकाला मात्र एकच काळा तीक्ष्ण काटा असलेली पाने ज्याची, ते सिसल. युकातान प्रांतातील सिसल नावाच्या बंदरातून त्याचा वाख जहाजांवर चढे, त्यावरून हे नाव पडले. तिसरी जात पानांनी अरुंद व कडांना बारीक काटे असलेली. तिच्या मऊ तंतूस जगाच्या बाजारात एके काळी ‘बाँबे अ‍ॅलो’ असेच नाव होते. मुंबईचे नाव लागलेल्या या मालाचे झाडही मूळ परदेशचेच, ही गोष्ट वेगळी.

सिसल किती वेगाने वाढते याचे उदाहरण आफ्रिकेतील आहे. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन कृषितज्ज्ञाने फ्लॉरिडाहून सिसलच्या एक हजार कंदिका पूर्व आफ्रिकेकडे मागविल्या. वाटेत बहुतेक मेल्या. अवघी ६२ रोपे जगली. आजच्या टांझानिया देशातील अफाट सिसल-मळ्यांची सुरुवात या ६२ रोपांपासून झाली. या उदाहरणात उमेद वाढविण्यासारखे जितके आहे तितकेच सावध करण्यासारखेही आहे, हे पुढे दिसून येईल.

हे झाड इतके काटक कशाने होते? साधारण झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात आणि त्याच छिद्रांतून त्यांच्या अंगचे पाणी उडून जाते. घायपात ही छिद्रे दिवसा मिटून ठेवते व रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून दिवसा बंद दाराआड त्याचे अन्न बनवते. कोकणात परसात होणारा अननस हाच मार्ग धरतो, निवडुंगही तोच धरतो. युक्काच्या काही जाती असे वागतात, तर काही इतर झाडांप्रमाणे दिवसाच श्वास घेतात. घायपाताच्या पानावर मेणाचा थर असतो, पाने जाड व पाण्याने भरलेली असतात, आणि त्यांचा झुबका अशा बेताने रचलेला असतो की, थोडीशी सर आली तरी पाणी पन्हळीतून यावे तसे खोडाशी येते. मुळे खोल जात नाहीत. वरच्या वितीभर मातीतच पसरून जे मिळेल ते पटकन उचलतात. कातळावर माती असते तीच मुळी वितीभर. म्हणून मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत तापून निघणाऱ्या सड्यावर, जेथे दुसरे रोप पाण्यावाचून आठ दिवस जगत नाही, तेथे घायपात हिरवेगार उभे राहते.

परंतु येथेच नेमके लक्ष द्यावयास हवे. युकातानच्या उत्तर भागात वर्षाचा पाऊस १,००० मिलीमीटरच्या आसपास, आणि किनाऱ्यालगत त्याहूनही कमी असतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो ३,००० मिलीमीटरच्या वर जातो व बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. युकातानची भूमी चुनखडीची. पडलेले पाणी लागलीच फटींतून खाली उतरते. आपला जांभा सच्छिद्र असला तरी सड्यावर जागोजाग उथळ बशीसारखे खळगे असतात आणि त्यांत पावसाळाभर पाणी उभे असते. अशा खळग्यात लावलेले घायपात भाद्रपदापूर्वीच बुडाशी मऊ पडते, पाने पिवळी होऊन ओघळतात आणि हाताने ओढताच झाड उपटून येते. उन्हाळ्याने न मेलेले झाड पावसाने मरते, हे पाहून शेतकरी बुचकळ्यात पडतो. त्यास रोग समजून औषध मारण्यात अर्थ नाही. जागाच चुकलेली असते.

दुसरा भेद मातीचा. घायपातास, विशेषतः सिसलला, चुन्याची भूक मोठी आहे. कोकणच्या जांभ्या मातीतील चुना अतिवृष्टीने धुपून गेलेला असतो व माती आम्ल बनलेली असते. घायपात अशा मातीतही जगते, पण वाढीस रेंगाळते. यावर उपाय घरचाच आहे. चुलीची राख किंवा किनाऱ्यावरील गावांत मिळणारा शिंपल्यांचा चुना लावणीच्या वेळी ओंजळभर मातीत मिसळावा. चुना ताजा, कळीचा असू नये, विरलेला असावा.

लावणी कशी करावी हे आता सांगितले पाहिजे. रोपे विकत घेण्याची गरज बहुधा पडत नाही. जुन्या झाडाच्या बुंध्याशी केळीप्रमाणे मुनवे फुटतात, ते खणून काढता येतात. दुसरा मार्ग कंदिकांचा. घायपात आयुष्यात एकदाच फुलते; मधूनच वीस फुटांच्या आसपास उंचीचा दांडा काढते, आणि सिसलच्या दांड्यावर फुले गळाल्यानंतर लहान लहान तयार रोपेच धरतात. एका दांड्यावर ती शेकड्यांनी, कधी हजारांवरही मिळतात. ती गोळा करून परसात गादीवाफ्यावर वर्षभर वाढवावी व वीतभर किंवा त्याहून थोडी मोठी झाली म्हणजे बांधावर न्यावी. थेट बांधावर टाकलेल्या कंदिकांपैकी बऱ्याच पावसात वाहून जातात.

लावणीसाठी मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की लागावे. आषाढाच्या धुवाधार पावसापूर्वी मुळे थोडी तरी धरली पाहिजेत. पडक्या गडग्याचा पाया, बांधाची वरची कड, उताराची बाजू, दगडगोट्यांची रास या घायपाताच्या जागा होत. सपाटीवर लावावयाचे असेल तर दगड व माती यांचा फूटभर उंचीचा वरंबा आधी घालावा आणि त्यावर रोप बसवावे. खड्डा काढू नये. आंब्याच्या कलमासाठी कातळ फोडून खड्डा घेणाऱ्या हातांना हे पटण्यास वेळ लागतो, पण घायपातासाठी कातळातील खड्डा म्हणजे पाण्याचे भांडे. रोपांत ३ फुटांचे अंतर ठेवावे. मोठ्या अमेरिकी जातीस याहून अधिक. एका ओळीपेक्षा तिरकस साधलेल्या दोन ओळी गुरांस अधिक आवरतात. पहिली दोन वर्षे झाडे लहान असताना गुरांपासून नव्हे तर गवतापासून त्यांचे रक्षण करावे लागते. उंच वाढलेल्या गवताखाली ती दबतात. तीन-चार पावसाळे गेले म्हणजे कुंपण कामास येते. घाई असलेल्यांनी तोपर्यंत जुनी वई मोडू नये.

या कुंपणाकडून अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. गाई-म्हशी व शेळ्या यांना ते अडवते. रानडुकरे दाट ओळीपुढे वळसा घेतात, पण एखादी फट सापडली तर तीतून शिरतातच. माकडांना त्याचे काहीच वाटत नाही. वणव्याच्या बाबतीत पाण्याने भरलेली पाने सहसा पेट घेत नाहीत व आगीचा वेग तेथे मंदावतो; तथापि बुंध्याशी वाळलेली पाने साचू दिली तर तीच सरपण होतात. दिवाळीनंतर गवत कापतानाच ती काढून टाकावी व कुंपणाबाहेर सहा-सात हात रुंदीची जाळरेषा राखावी. घायपात लावले म्हणून जाळरेषा नको, असे कोणी समजू नये. पायवाटेकडील पानांच्या टोकांचे काटे कोयत्याने छाटून घ्यावेत. शाळेची मुले जेथून जातात तेथे तर हे लावणीबरोबरच ठरवून टाकावे, कारण टोकाचा काटा लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो.

वाखाविषयी चार शब्द. सिसलच्या ताज्या पानाच्या वजनात तंतू शेकडा चार भागांच्या आसपास असतो. बाकीचा पाणी व लगदा. मळ्यांतून यंत्राने तो सोडवितात. घरगुती कामासाठी पान कापल्यावर दोन दिवसांच्या आत फळीवर ठेवून बोथट पात्याने खरवडावे, तंतू स्वच्छ पाण्यात खळबळून उन्हात वाळवावे. पांढराशुभ्र वाख मिळतो. दावी, कासरे, शिंकी, चऱ्हाटे यांस तो उत्तम. पाने नदी-ओढ्यात कुजत घालण्याची जुनी रीत मात्र कटाक्षाने टाळावी. त्या रसाने पाणी नासते व मासे मरतात. कोकणात उन्हाळ्यात पऱ्ह्याचे जे थोडके पाणी उरते त्यावर माणसे व गुरे दोन्ही अवलंबून असतात. कुजवावयाचेच असेल तर ओढ्यापासून दूर निराळी टाकी किंवा पिंप घ्यावे.

वाखाच्या उत्पन्नाच्या आशेने एकरभर घायपात लावावे काय? रत्नागिरीपुरते याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. ओडिशातील बामरा येथे सिसलचे संशोधन केंद्र १९६२ पासून काम करीत आहे व तिकडच्या कोरड्या पठारांसाठी ते पीक म्हणून योग्य असेल. परंतु कोकणात दोराची गरज नारळाचा काथ्या पूर्वापार भागवीत आला आहे आणि त्याचा सुंभ वळणारे हात येथे आहेत. त्यात नायलॉनची दोरी आल्यापासून घायपाताच्या दोरास गिऱ्हाईक कमीच झाले. बांधावरच्या झाडांची खालची पाने वर्षातून एकदा कापून घरचे दोर झाले तर तो वरकड लाभ समजावा. पाने कापताना वरची वीसएक पाने झाडावर राखावीत. सगळी ओरबाडल्यास झाड खंगते.

येथवर घायपात कोठे लावावे हे झाले. कोठे लावू नये याचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो आज निकडीचा झाला आहे. रत्नागिरीचा सडा हा ‘पडीक’ म्हणून सातबारावर नोंदलेला असतो. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेस जोडली गेली, तेव्हापासून अशा पुष्कळ जमिनींवर सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरची माती भरून कलमे उभी राहिली. त्यांतून अनेक घरांना चांगले दिवस आले, हे नाकारता येणार नाही. दुसरीकडे चिरेखाणींनी सडे खरवडले जात आहेत. जो सडा उरला आहे त्यावर ‘काहीतरी हिरवे’ लावून टाकण्याची हौस बळावत असते, आणि पाणी न मागणारे घायपात त्या हौसेला फार सोयीचे वाटते.

सडा पडीक नाही. आश्विन-कार्तिकात गावाची गुरे ज्या गवतावर वर्ष काढतात ते गवत येथेच कापले जाते. त्याच्या सच्छिद्र अंगात मुरलेले पाणी कडेकपारीच्या झऱ्यांतून बाहेर पडते. आणि पावसाळ्यात त्याच वितीभर, कधी बोटभर मातीवर अशा वनस्पती उठतात की, त्यांपैकी काही जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. त्यांपैकी दीपकाडीची ओळख प्रत्येक कार्यकर्त्यास असावी. हिच्या शास्त्रीय नावातच कोकणचे नाव गोवलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा एवढाच तिचा मुलूख. जमिनीत लहानसा कांदा, त्यातून पहिल्या पावसानंतर निघणारी बारीक पाने आणि एका सडपातळ काडीवर लांब नळीची पांढरी फुले. काही दिवस सडा या फुलांनी ठिपकतो. पाऊस संपला की वर काहीच दिसत नाही. कांदा कातळाच्या फटीत आठ महिने निजून राहतो.

दीपकाडीही शतावरीच्याच कुलातील, म्हणजे युक्का व घायपात यांच्या गोतातीलच. उन्हाळ्याला तोंड देण्याची तिची तऱ्हा मात्र उलट आहे. घायपात पाणी अंगात साठवून उन्हात उभे राहते, दीपकाडी ऊन येण्यापूर्वी आपला संसार आवरून जमिनीखाली जाते. तिला वर्षातून चार महिने मोकळे आकाश, उघडी माती व आखूड गवत एवढेच लागते. तेवढ्या जागेवर घायपाताचा झुबका बसला की दीपकाडीची जागा गेली. आणि घायपात एकटे राहत नाही. मुनवे चहूकडे पसरतात, दांड्यावरील कंदिका वाऱ्यापावसाने उतारावर ओघळतात. दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये सिसल मळ्यांबाहेर निसटून रानात उपद्रवी तण बनले आहे. तेथे ते काढण्यासाठी खटपट करावी लागते, कारण मुळाशी राहिलेला तुकडाही पुन्हा फुटतो. हिंडॉर्फच्या ६२ रोपांची ही दुसरी बाजू.

यासाठी घायपात बांधावर, गडग्याच्या पायाशी व परसाच्या कडेस एवढेच लावावे. उघड्या सड्यावर, गावाच्या गवताळ कातळावर व झऱ्याच्या माथ्यावर लावू नये. ज्याच्या बांधापलीकडे लगेच मोकळा सडा आहे त्याने दरवर्षी गवतकापणीच्या वेळी बाहेर फुटलेले मुनवे उपटावेत, आणि फुलांचा दांडा दिसताच तो हातभर उंचीचा असतानाच तोडावा. दांडा तोडल्याने जुने झाड फार काळ वाचते असे नाही, पण कंदिका सड्यावर पडत नाहीत. मेलेल्या झाडाची फट आतल्या बाजूच्या मुनव्याने भरून काढता येते.

ज्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत तेथे तर कोणतीच लावणी, वरंबा किंवा दगड उचलणे नसावे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ ही नावे आता सर्वतोमुखी झाली आहेत. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. पण मातीच्या पातळ थराखाली अजून झाकलेले काय असेल, हे कोणाच्याही बांधावर सांगता येत नाही. वरंब्यासाठी माती ओढताना कातळावर खोदीव रेघ आढळल्यास काम तेथेच थांबवून तलाठ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावे.

लावणीचा व दीपकाडी फुलण्याचा काळ एकच आहे, हे कार्यकर्त्यांच्या सोयीचे आहे. मृगाची पहिली चांगली सर होऊन गेल्यावर लगेच दोरी धरू नये. आठ-दहा दिवस थांबून, जमीनमालकास बरोबर घेऊन, आखावयाच्या रेषेवरून एकदा सावकाश चालत जावे. पाणी कोठे उभे राहते ते त्या वेळी डोळ्यांस दिसते आणि पांढरी फुलेही दिसतात. दोन्ही जागांवर चुन्याची खूण करावी व कुंपणाची रेषा त्या खुणांच्या अलीकडून न्यावी. मग वरंबे घालण्यास व रोपे बसविण्यास आषाढ लागेपर्यंत पुरेसे दिवस उरतात.